बिही आणि बारा गावचं पाणी

बिहीबद्दल चांगलं बोलणारे आमच्या दर्ब ओमरच्या बाजारात पन्नास तरी सापडतील. त्यांचं ऐकू नका. त्यांनी बिहीचा चहा प्यायलाय, बिही पाहिलेला नाही. मी अठरा वर्षं त्याच्यावर जळत होतो, आणि ज्याच्यावर आपण जळतो त्याच्याकडे आपलं जेवढं बारीक लक्ष असतं तेवढं स्वतःच्या बायकोकडेही नसतं. हे वाक्य माझ्या बायकोचंच आहे.

माझं नाव इद्दर. कासाब्लांकात हाज अब्ला यांच्या पेढीवर मी एकोणिसाव्या वर्षी लागलो, तो कागदांसाठी. आमची पेढी चीनमधून हिरवा चहा मागवते. आमच्या देशात चहाचं एक रोपटं उगवत नाही आणि चहावाचून एका घराची सकाळ होत नाही, त्यामुळे आमचं पोट भरतं. बँकेत हमीपत्र उघडायचं, जहाजाचे कागद तपासायचे, कस्टमच्या खिडकीत तासन् तास उभं राहायचं, हे माझं काम. विकणाऱ्याच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बँक कागद परत करते आणि माल बंदरात तापत पडतो. माझ्या हातून असं एकदाही झालेलं नाही. पण बिनचूक कागदाचं कौतुक कोण करतो? कागद चुकला तरच कारकुनाचं नाव निघतं.

मला हवी होती ती वरची खुर्ची. पूर्वी चहा आणायचा हक्क फक्त सरकारचा होता, आम्ही नुसती पाकिटं भरायचो. तो हक्क सुटला, हाज स्वतः माल मागवू लागले, आणि वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीशी एक लांब संगमरवरी टेबल आणि एक देवदारी खुर्ची आली. चहाचा पारखी त्या खुर्चीत बसणार होता. त्याने मान हलवली की वीस कंटेनर हलणार, आणि दर एप्रिलला चीनची सफर वेगळीच.

त्या खुर्चीसाठी मी सिगारेट सोडली. कांदा सोडला, लसूण सोडला. दोन वर्षं आमच्या घरात ताजीन, म्हणजे आमचं रोजचं कालवण, बिनलसणाचं शिजलं. माझी बायको इज्जा म्हणायची, "अहो, मला आजारी माणसाच्या घरी देताहेत असं सांगितलं असतंत, तर तयारीने आले असते की!" सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या पारख्याकडे मी दर रविवारी जायचो. पत्ती न पाहता नुसत्या घोटावर चहाच्या प्रतीचा नंबर सांगायला शिकलो. खुर्ची माझीच होती, फक्त बसायचं राहिलं होतं.

आणि आमचे हाज गुलमीमला गेले.

गुलमीम तिकडे दक्षिणेला, वाळवंटाच्या उंबऱ्यावर. तिथल्या एका किराणा दुकानात हाजनी आपल्याच पेढीचं पाकीट फोडून चहा करायला सांगितलं. दुकानातल्या नोकराने पेला ओतला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "हाज, रागावू नका, पण तुमचा हा चहा साबणाशेजारी झोपून आलाय."

हाज परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. "इद्दर, हा माल बंदरात कुठे ठेवला होता रे?" मी फाइल काढली. चार दिवस एका वखारीत, आणि त्याच वखारीत साबणाची सहाशे खोकी. तो कागद मीच त्यांच्या हातात दिला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे खूप असतात, पण धोंडा नीट घासूनपुसून आणून देणारा मी एकटाच असेन.

पुढच्या महिन्यात हाजनी बोलावलेला तो नोकर ज्यूटची पिशवी खांद्याला लावून पेढीवर हजर. हाच बिही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हडकुळा, डावा खांदा उतरलेला, मान बगळ्यासारखी लांब. बाराव्या वर्षापासून काकाच्या दुकानात काउंटरखाली झोपलेला. मग एका फिरत्या चहावाल्याच्या ट्रकवर बसून त्याने देशभरचे आठवडी बाजार केले. जिथे जाईल तिथल्या विहिरीच्या पाण्यावर चहा करून गिऱ्हाइकाला पाजायचा, तेव्हा कुठे पोतं खपायचं. बारा गावचं पाणी प्यालेला असं आपण कुणालाही म्हणतो, हा खरोखरच प्यालेला होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी चहाची किटली काढायचा. सुरेख काढायचा, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय.

हाजनी टेबलावर आठ पांढरे कप मांडले. प्रत्येकात अर्ध्या दिरहमच्या नाण्याच्या वजनाइतकी पत्ती, वर उकळतं पाणी. साखर नाही, पुदिना नाही. "दोघांनी चव घ्या," ते म्हणाले.

मी आठच्या आठ ओळखले. नंबर सांगितले, कुठला पहिल्या खुडीचा, कुठला उशिराचा, कुठला सरस, कुठला मागे, तेही सांगितलं. "अरे वा, इद्दर!" हाज म्हणाले, आणि माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी.

बिहीने एकही नंबर सांगितला नाही. "मला नंबर येत नाहीत," तो म्हणाला. "पण हाज, हा चहा पिणार कोण?"

"ज्याला तहान लागेल तो!" मी म्हणालो.

"आणि सी इद्दर, पाणी कुठलं घालणार तो?" ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव'.)

मग त्याने पिशवी उघडली. आत तेलाच्या जुन्या बाटल्या, राखेने घासून लख्ख केलेल्या. गुलमीमचं पाणी, तिकडच्याच तिझनीतचं, आणि तिकडे उत्तरेच्या डोंगरातल्या शफशावनचं. त्याने तेच आठ चहा पुन्हा केले. मी सगळ्यात सरस ठरवलेला चहा गुलमीमच्या पाण्यात काळा पडला आणि गंजक्या खिळ्यासारखा लागला. सहावा म्हणून मी बाजूला सारलेला त्याच पाण्यात असा खुलला की हाजनी डोळे मिटले.

"इद्दर," डोळे उघडून ते म्हणाले, "बाबा, तू कासाब्लांकाच्या नळासाठी चहा निवडत होतास. नळाच्या पलीकडेही देश आहे ना?"

ते हसले. बिहीसुद्धा हसला. दोन वर्षं लसूण न खाल्लेल्या माझ्या तोंडाला कसली चव आली असेल ते तुम्हीच समजा.

झालं, खुर्ची त्याची. तीन बाटल्यांच्या पुढे बारा झाल्या. दर मे महिन्यात चीनमधून नव्या पत्तीच्या नमुन्यांचे डबे यायचे, त्याआधी बसचे ड्रायव्हर बारा गावांहून बारा बाटल्या आणून द्यायचे. वाचता येत नसल्यामुळे बिही रिकामी बाटली पाठवतानाच तिच्या मानेला लोकरीचा दोरा बांधायचा, त्याची बायको तुदा हिच्या मागावरचा. गुलमीम पिवळा, शफशावन निळा, तिझनीत लाल, असं. त्या महिन्यात तो साबणाला शिवत नसे, अंग घासूल नावाच्या मातीने धुवायचा. जवाची भाकरी आणि उकडलेला बटाटा, एवढंच खायचा. वासाचं कसलंही बोट स्वतःला लागू द्यायचा नाही. मी मुद्दाम संत्र्याच्या फुलांचं अत्तर लावून वर जायचो. तो खिडकी उघडायचा आणि म्हणायचा, "वा सी इद्दर, आज कुणाच्या लग्नाला?"

आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला 'दा' म्हणतात. अख्खी पेढी त्याला 'दा बिही' म्हणायची. हमाल म्हणायचे, ड्रायव्हर म्हणायचे, हाजचे नातू म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. अठरा वर्षं नुसतं 'बिही'.

पहिल्याच वर्षी तो चीनला जाऊन आला. मी रोज रात्रशाळेत जाऊन इंग्रजी शिकलो होतो, आणि चीनला गेला कोण, तर सहीच्या जागी किटली काढणारा. वाटलं, तिथे तरी फजिती होईल. पुढच्या वर्षी तिकडच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. शेवटी एक ओळ होती: 'ते पाणीवाले गृहस्थ यंदाही येत आहेत ना? माझी आई रोज विचारते.' हाजना पत्र वाचून दाखवायचं काम माझं. ती ओळ मी गाळली.

घरीसुद्धा सुटका नव्हती. इज्जा चहा करायला बसली की पहिल्या उकळीचा पेला बाजूला काढायची (आमच्याकडे त्याला चहाचा जीव म्हणतात), दुसऱ्या पाण्याने पत्ती धुऊन ते फेकायची, मग जीव परत किटलीत. आणि पहिला घोट घेऊन म्हणायची, "काहीही म्हणा, या दा बिहीच्या हातात बरकत आहे."

"हात कुठे लावलाय त्याने? हमीपत्र मी उघडलं, कस्टममधून मी सोडवला!"

"मग तुमचे कागद उकळून देऊ का प्यायला?"

एकाच बाबतीत तो माझ्या हातात होता. तुदा गावच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची, आणि ते बिही माझ्याकडून वाचून घ्यायचा. वखारीवरच्या खोलीत तो एकटाच राहायचा, वर्षातून एक महिना गावी जायचा. पत्र वाचताना तो डोळे मिटून बसे. बकरी व्याली, बदामाला फुलं आली, छताची माती गळते. शेवटी एक ओळ ठरलेली: 'तू कधी येतोस?' तेवढी ओळ तो पुन्हा वाचायला सांगायचा. मी वाचायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. बारा गावचं पाणी ओळखणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचा शब्द ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

अकरा वर्षं अशी गेली. अकराव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, पेढीवर नेहमीप्रमाणे कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या रव्याची, परात आली. सगळे भोवती बसले. हाजनी मांस वाटायला घेतलं. माझ्या समोर एक चांगला गुबगुबीत तुकडा होता. हाजनी तो उचलला आणि बिहीच्या बाजूला सरकवला. "घे रे, या महिन्यात नुसत्या बटाट्यावर जगतोस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इद्दर, तुलासुद्धा मध्ये तो चव घेण्याचा छंद होता ना? सोडलास वाटतं?"

छंद! दोन वर्षं लसूण सोडलेल्या माणसाचा छंद! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बिही म्हणाला, "नाही हाज, सी इद्दरची जीभ पक्की आहे," तेव्हा तर त्याची दया जास्तच झोंबली.

पुढच्या शुक्रवारी सगळे नमाजाला गेले. पाय दुखतोय म्हणून मी मागे राहिलो. वर गेलो. संगमरवरी टेबलावर बारा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्षाचा सगळ्यात मोठा निवाडा व्हायचा होता. रमजानचा माल, वीस कंटेनर, त्यातले निम्मे दक्षिणेला. मी गुलमीमचा पिवळा दोरा सोडला, शफशावनचा निळा सोडला, आणि अदलाबदल करून बांधले. खारं पाणी निळं झालं, गोडं पिवळं. अकरा वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. उद्या बिही चुकेल, रमजानात दक्षिणेचे लोक किटल्या रस्त्यावर ओततील, आणि हाज मला वर बोलावतील, असं सगळं चित्र माझ्या डोळ्यांपुढे तयार होतं.

शनिवारी सकाळी मी वही घेऊन टेबलाशी उभा राहिलो. बिहीची रीत मला पाठ होती. प्रत्येक बाटलीचं झाकणभर पाणी तोंडात घ्यायचा, खिडकीबाहेर बघत घोळवायचा आणि थुंकायचा. मग त्या पाण्याचा चहा. एका चहाची चव दुसऱ्याला लागू नये म्हणून ही चूळ, हे मला त्या म्हाताऱ्या पारख्यानेच शिकवलं होतं. पिवळ्या दोऱ्याच्या बाटलीपाशी तो जरा थांबला. दोरा चिमटीत धरून त्याच्याशी चाळा केला.

"आज ऊन लवकर चढलंय," तो म्हणाला.

"मे महिना आहे. चढणारच," मी म्हणालो.

तासाभराने त्याने तोंड पुसलं. "लिहून घे, सी इद्दर. दक्षिणेला पाचवा डबा. उत्तरेला दुसरा."

मी खाली येऊन हमीपत्राचा अर्ज टंकला. असला बिनचूक अर्ज मी जन्मात टंकला नव्हता. बँकेचं हमीपत्र एकदा उघडलं की विकणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय ते हाजच्या बापालाही मागे घेता येत नाही. सोमवारी ते उघडलं, आणि महिन्याभराने चीनमधलं जहाज निघाल्याची तार... म्हणजे फॅक्स आला.

आणि तेव्हा मला भान आलं. गुलमीमचे लोक किटल्या ओततील, हे खरं. पण ओतलेला चहा हाजचा असेल. पेढी बुडेल. आणि पेढी बुडाली तर मी कुठल्या टेबलावर कोणते कागद तपासणार होतो? ज्या फांदीवर बसलो होतो तिच्यावरच मी कुऱ्हाड चालवली होती. चाळीस दिवस जहाज समुद्रात होतं आणि चाळीस दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. दोनदा हाजना सगळं सांगायला जिन्यापर्यंत गेलो. दोन्ही वेळा वरून बिहीचं हसू ऐकू आलं आणि मी परत फिरलो.

इज्जा म्हणाली, "तुमचं काहीतरी बिनसलंय. पुन्हा लसूण सोडलात का?"

माल आला. मीच तो कस्टममधून सोडवला. ट्रक दक्षिणेला गेले. दहा दिवसांनी गुलमीमच्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराचा फोन आला. तो मीच उचलला.

"हाज कुठे आहेत?" तो ओरडला. दक्षिणेचे लोक फोनवर ओरडूनच बोलतात.

"मला सांगा," मी म्हणालो.

"अहो, काय चहा पाठवलाय! दहा वर्षांत असा आला नाही. बायका दुकानावर भांडतायत. आणखी दोन कंटेनर पाठवा, लगेच!"

त्याच आठवड्यात शफशावनहूनही तसाच निरोप आला. मी खुर्चीत बसलो. हायसं वाटलं हे खरं, पण किती वेळ? उकडलेलं अंडं सोलून होईल तेवढाच वेळ. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दोरे उलटे बांधलेले होते, तरी चहा बरोबर निघाला! म्हणजे बाटल्यांचा आणि चहाचा काही संबंधच नाही. घासूल माती, उकडलेले बटाटे, लोकरीचे दोरे, सगळं थोतांड! अकरा वर्षं हा माणूस अंदाजाने ठोकत होता आणि आम्ही त्याला बरकतवाला म्हणत होतो.

माझ्या हातात पुरावा होता, आणि तो कुणाला दाखवता येत नव्हता. हाजना सांगणार काय? 'तो ढोंगी आहे, कारण मी दोरे बदलले होते'? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुढची सात वर्षं मी तो खाल्ला. बिही झाकणभर पाण्याची चूळ भरत खिडकीबाहेर बघायचा, आणि मी वही धरून मनात म्हणायचो, कर लेका नाटक कर.

मग एक दिवस तुदाचं पत्र आलं. त्यात बकरी नव्हती, बदाम नव्हते. 'मला आता मागावरचा धागा दिसत नाही. तू कधी येतोस, हे मी आता विचारत नाही. ये.' मी वाचून थांबलो. बिहीने पुन्हा वाचायला सांगितलं नाही. उठला आणि थेट हाजकडे गेला.

थोड्या वेळाने हाजनी मला वर बोलावलं. ते आता थकले होते, काठी टेकून बसले होते. बिही खिडकीशी उभा होता.

"हा निघाला," हाज म्हणाले. "याला विचारतोय, खुर्चीवर कुणाला बसवू? तर तुझं नाव घेतो. जीभ आहे का रे तुला अजून?"

मी काही बोलायच्या आत बिही म्हणाला, "त्याची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे, हाज. पहिल्या दिवशी त्याने आठच्या आठ ओळखले. मला एकही ओळखता येत नव्हता. त्या दिवशी पिशवी उचलून पळून जावं असं वाटत होतं मला."

अठरा वर्षं ज्या वाक्यासाठी मी तळमळलो ते वाक्य हे असं, त्याच्या तोंडून यायचं होतं.

"फक्त एक करा," बिही पुढे म्हणाला. "बाटल्या मी गावी बसून सगळीकडून गोळा करीन. दोरे मीच बांधून पाठवीन. मधे कुणी हात लावायचा नाही. मागे एका वर्षी पिवळा आणि निळा आपसांत बदलले होते. बसच्या धक्क्यांनी गाठी सुटल्या असतील, आणि उतरवून घेणाऱ्या हमालाने बांधताना घोळ केला असेल."

"अरे! मग तुला कळलं कसं?" हाजनी विचारलं.

"पाणी चाखलं ना. चहाच्या आधी पाणी चाखायचंच असतं. सी इद्दरला अजून वाटतं, मी चूळ भरतो."

हाज खो खो हसले. सात वर्षं मी ज्याला थोतांड म्हणत होतो, ते माझ्या नाकासमोर, झाकणाझाकणाने चाललं होतं.

त्याची पिशवी मीच उचलली. बसच्या थांब्यापर्यंत त्याला पोचवायला गेलो. बस लागल्यावर माझ्याच्याने राहवेना. "बिही, त्या गाठी खरंच धक्क्याने सुटल्या असतील?"

तो हसला. "मी एकेरी गाठ मारतो. ती दुहेरी होती, घट्ट. तू कागदांच्या गठ्ठ्यांना मारतोस तशी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर हाजनी तुला हाकललं असतं." त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली. "मग माझी पत्रं कुणी वाचली असती? बायकोची पत्रं काय कुणाकडूनही वाचून घेता येतात?"

बस गेली. मी तिथेच उभा राहिलो. त्याने मला क्षमा केली असती तर मी ती तोंडावर फेकून मारली असती. पण त्याने मला ठेवून घेतलं होतं, त्याला उपयोगी होतो म्हणून. यावर काय भांडणार?

आता पाच वर्षं झाली, खुर्ची माझी आहे. देवदाराचा वास येतो, पाठीला लागते, पण माझी आहे. चीनला चार वेळा जाऊन आलो. त्या व्यापाऱ्याची आई वारली, पण वारण्याआधी तिने दरवेळी मला विचारलं, पाणीवाले कसे आहेत? या वेळी ओळ गाळायला मधे कागद नव्हता. बरे आहेत म्हणालो.

दर मे महिन्यात गावाकडून बारा बाटल्या येतात, मानेला लोकरीचे दोरे, गाठ एकेरी. तुदाला दिसत नाही, दोरे आता तो स्वतःच कातून रंगवतो म्हणे. मी झाकणभर पाणी तोंडात घेतो. खारं आणि गोडं मला कळतं, तेवढा गाढव मी नाही. पण दक्षिणेच्या सहा पाण्यांतलं गुलमीमचं कुठलं, तिझनीतचं कुठलं, ते मला कळत नाही. मी तिथे पाणी प्यालोच नाही कधी. दोरा पिवळा आहे म्हणून मी गुलमीम म्हणतो आणि वीस कंटेनरांचं हमीपत्र उघडायला लावतो. माझी जीभ, माझी खुर्ची, हाजची पेढी, सगळं त्या एकेरी गाठीला लटकलेलं असतं.

यंदा न राहवून मी त्याला फोन केला. "दा बिही," मी म्हणालो. तेवीस वर्षं न निघालेला शब्द कसा निघून गेला कोण जाणे. "गुलमीमचा पिवळाच ना?"

"सी इद्दर, चाखून बघ की."

"बघितलं. नाही कळत."

तिकडे मागे तुदा कुणाला तरी हसत काही सांगत होती. "पिवळाच आहे," तो म्हणाला. "मीच बांधलाय."

मी त्याच्या जागी असतो तर पाच वर्षांत एकदा तरी दोन दोरे बदलले असते. त्याला कुणी पकडलं नसतं, आणि मला तर तोंड उघडायची सोय नव्हती. पण तो बदलत नाही. त्याला आता माझी काही गरज उरलेली नाही, पत्रं पाठवणारी त्याच्या शेजारी बसलेली असते. तरी बदलत नाही. त्याच्या जिभेवर मी जळलो, त्याच्या खुर्चीवर जळलो, परातीतल्या त्या तुकड्यावर जळलो. ते सगळं विझलं. आता जळतो तो त्या एकेरी गाठीवर, आणि हे विझेल असं वाटत नाही.

पलीकडे वही धरून नवा कारकून उभा असतो. मी पिवळ्या दोऱ्याची बाटली उघडतो, झाकणभर पाणी तोंडात घेतो आणि खिडकीबाहेर बघत घोळवतो. त्याला वाटतं, साहेब पाणी चाखताहेत. मी चूळ भरत असतो.